सीट क्रमांक दोनची झडप

ऑफिसात त्याला सगळे जोडारी म्हणायचे. त्याच्या हातात ना पाना होता ना हातोडी. दोन प्रोग्रॅम एकमेकांना जोडून देणं हे त्याचं काम, आणि ते काम तो पायांनी करायचा.

प्रकार असा होता. गाडी कारखान्यात तयार होण्याआधी तिचा एसी नीट चालेल की नाही, हे त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बघत. तळमजल्यावर एक प्रोग्रॅम होता. त्याला फक्त एसीतलं कळायचं: गॅस, कंप्रेसर, नळ्या, पंखा. तिसऱ्या मजल्यावर दुसरा होता. त्याला फक्त गाडीच्या आतलं कळायचं: काचा, ऊन, सीटा आणि सीटांवर बसलेली माणसं. किती गार हवा येतेय हे वरच्याला खालच्याने सांगायचं, आणि किती गरम हवा परत जातेय हे खालच्याला वरच्याने. एकावाचून दुसऱ्याचं पान हलत नसे. पण प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि दोन्ही करारांत एकच अट होती, की आमचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही यंत्राला जोडायचा नाही. वायर म्हणजे यंत्र. फोन म्हणजेही यंत्र. कायदा विभागाने महिनाभर डोकं खाजवलं आणि लेखी अभिप्राय दिला, की कागद हे यंत्र नाही आणि माणूस हेही यंत्र नाही.

तेव्हापासून जोडारी चिठ्ठ्या नेत होता. प्रोग्रॅममधल्या दर दहा सेकंदांना एक फेरी. अर्ध्या तासाच्या चाचणीला एकशे ऐंशी फेऱ्या. जिन्याला सहासष्ट पायऱ्या. लिफ्ट होती, पण ती यंत्र होती.

खाली गॅसवाला बसायचा आणि वर केबिनवाली. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, फक्त अक्षर पाहिलं होतं. त्यावरून त्यांचं वाकडं होतं.

"खालच्यांना सांगा, सात आणि एक वेगळे काढत जा," केबिनवाली म्हणायची.

"वरच्या बाईंना म्हणावं चष्मा लावा," गॅसवाला म्हणायचा.

जोडारी फक्त आकडे न्यायचा. बाकीचं तो दुसऱ्या मजल्यावर सोडून द्यायचा.

प्रोग्रॅममधल्या त्या गाडीत दोन माणसं होती. सीट क्रमांक एकवर ड्रायव्हर आणि शेजारी सीट क्रमांक दोन. आठ वर्षांपूर्वी जेव्हा ही माणसं बनवायची ठरली, तेव्हा खऱ्या माणसांची मापं घ्यावी लागली होती. मागच्या अंगणात एक खोली होती, तिच्या छतावर उन्हासारखे तापणारे दिवे होते आणि मध्ये एक चाकं काढलेली गाडी. ड्रायव्हर म्हणून जोडारी स्वतः बसला. दुसऱ्या सीटवर जी बाई बसायची होती ती आजारी पडली, तेव्हा त्याने घरी फोन करून बायकोला बोलावलं.

"कधी नव्हे ते मला गाडीतून फिरवायला काढलंत," ती म्हणाली होती, "आणि गाडीला चाकंच नाहीत."

तिच्या हातांना, पायांना, कपाळाला तारा चिकटवल्या. अकराव्या मिनिटाला तिने हात पुढे करून समोरची हवेची झडप बंद केली. मापं घेणारा ओरडला, "बाई, काही हलवू नका!" ती म्हणाली, "मग तुम्ही बसा इथे. माझे हात गारठलेत." त्याने ते मापातच धरलं. तिच्या हाताची कातडी एकोणतीस डिग्रीच्या खाली गेली की ती झडप बंद करत जाते आणि एकतीसच्या वर गेली की उघडत जाते, असं सीट क्रमांक दोनच्या खात्यात कायमचं लिहिलं गेलं.

बायको जाऊन आता चौदा महिने झाले होते. ऑफिसात सगळे सांत्वनाला येऊन गेले होते, पण सीट क्रमांक दोन म्हणजे तीच, हे कुणाला माहीत नव्हतं. आणि जोडारी कुणाला सांगत नव्हता. तो चिठ्ठी घेऊन वर जायचा, केबिनवालीच्या पडद्यावर दुसऱ्या ओळीत बघायचा, "सीट २, झडप: बंद", आणि आकडा घेऊन खाली यायचा. दिवसातून साठ वेळा. ऑफिसात तो वेळेवर यायचा त्याचं कारण एवढंच होतं.

दोन महिन्यांपूर्वी नवीन मॅडम विभागप्रमुख म्हणून आल्या. त्यांनी जुन्या चाचण्या काढल्या आणि कपाळाला हात लावला. नव्या गाडीचं गणित काही केल्या जुळत नव्हतं. दुसऱ्या सीटने झडप बंद केली, की सगळी गार हवा ड्रायव्हरवर जायची. आतून परत जाणारी हवा जास्तच गार व्हायची. ते पाहून खालचा कंप्रेसर बंद पडायचा. गाडी तापायची. दुसरी सीट झडप उघडायची. तोवर कंप्रेसर चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीस मिनिटांत त्या बाईने झडप एकेचाळीस वेळा हलवली होती.

"ही बाई आहे की काय आहे?" मॅडम म्हणाल्या. "काढून टाका. पुस्तकातल्या मापांचा प्रवासी बसवा. तो गप्प बसतो."

जोडारी म्हणाला, "थंडी वाजत असेल तिला."

"तिला?"

"त्यांना. सीटला."

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वाईट बाई नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या, "शाल द्या तिला एक. प्रोग्रॅममध्ये कपडे घालता येतात ना?"

कपडे घालता येत होते, पण नियम असा होता, की चाचणीत वापरलेली प्रत्येक वस्तू स्टोअरमधून रीतसर घेतलेली हवी. म्हणून जोडारी स्टोअरमध्ये गेला. स्टोअरकीपर म्हणजे बोटाएवढ्या स्क्रूसाठीही तीन सह्या घेणारा माणूस.

"शाल? कोणाच्या नावावर?"

"सीट क्रमांक दोन."

"कर्मचारी क्रमांक?"

"त्यांना क्रमांक नाही."

"मग शालही नाही. उद्या ती घेऊन पळाली तर मी कोणाला धरू?"

"ती कुठेही जात नाही, साहेब."

"असं सगळेच म्हणतात."

मग जोडारी आस्थापनेत गेला. तिथे हजेरी ठेवणारा कारकून होता, त्याला सगळे हजेरीवाला म्हणत. त्याला रिकामा रकाना दिसला की चैन पडत नसे. त्याने सीट क्रमांक दोनला दोन मिनिटांत कर्मचारी क्रमांक देऊन टाकला. रुजू होण्याची तारीख म्हणून आठ वर्षांपूर्वीची, मापं घेतल्याची तारीख घातली. स्टोअरमधून शाल मिळाली. एक खरी, करडी, लोकरीची शाल. स्टोअरकीपरने ती तिसऱ्या मजल्यावर एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि केबिनवालीने प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या सीटला शाल घातली.

झडप आता एकेचाळीसऐवजी चव्वेचाळीस वेळा हलली. शालीत तिला उकडू लागलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे, क्रमांक दिल्यामुळे हजेरीवाल्याला दुसऱ्या दिवशी दिसलं, की एक कर्मचारी रुजू झाल्यापासून एकदाही हजर नाही. त्याने नियमाप्रमाणे कारणे दाखवा नोटीस काढली आणि ती शालीवर आणून ठेवली. आठ वर्षे विनापरवाना गैरहजेरी. शिवाय कामाच्या जागी यंत्राशी वारंवार छेडछाड. खुलासा करावा. शुक्रवारी दुपारी चार वाजता सुनावणी.

"बरंच झालं," मॅडम म्हणाल्या. "आता रीतसर काढता येईल. शुक्रवार चारपर्यंत गणित जुळलं तर राहील, नाही तर पुस्तकातला प्रवासी."

सोमवारी संध्याकाळी जोडारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नोटीस घेऊन बसला. पाय गरम पाण्याच्या बादलीत होते. त्याची लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती घरी आली, पर्स टाकली आणि आईसारखीच पाय वर घेऊन खुर्चीत बसली.

"काय लिहिताय, बाबा?"

"नोटिशीला उत्तर."

"अरे देवा! तुम्हाला नोटीस आली?"

"मला नाही. तुझ्या आईला."

चौदा महिन्यांत लेकीने त्याला साखरेच्या डब्यात मीठ भरताना पाहिलं होतं, एकाच पायात मोजा घालून बाहेर पडताना पाहिलं होतं. पण हे नवीन होतं. तिने कागद ओढून घेतला आणि वाचला. मग त्याने तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तारा, दिवे, अकरावं मिनिट, एकेचाळीस वेळा.

"म्हणजे आई आठ वर्षं तुमच्या ऑफिसात बसलीये," लेक म्हणाली, "आणि मला आत्ता सांगताय?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"आणि तिथेही तिला नीट बसू देत नाही आहात."

"मी काय केलं? मी फक्त चिठ्ठ्या नेतो."

लेक हसली. डोळे पुसत हसली. "बाबा, आई गाडीत एसी कमी करा म्हणायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"कमी करायचो."

"कधी? पुढच्या सिग्नलला! तोवर तिने झडप बंद करून ओढणी गुंडाळलेली असायची. मग तुम्ही एसी कमी केलात की तिला उकडायचं. ती म्हणायची वाढवा. ते तुम्ही वाढवायचात पार पेट्रोल पंपावर, तेव्हा ती पुन्हा गारठलेली. मी मागे बसून सगळं बघायचे. तुम्ही दोघं कधी भांडलाच नाहीत. तुम्ही दोघं नेहमी दहा मिनिटांपूर्वीच्या भांडणाला उत्तर देत होतात."

जोडारीने पेन खाली ठेवलं. बादलीतलं पाणी कोमट झालं होतं, पण तो तसाच बसून राहिला.

त्याला जिना दिसत होता. तो चिठ्ठी घेऊन जिन्यात असायचा, तेव्हा वरचा प्रोग्रॅम थांबत नव्हता. मागचा आकडा धरून तो दहा सेकंद पुढे जायचा. खालचाही जायचा. वेळ वाचावा म्हणून तशी सूट दिलेली होती, आणि ती सूट आठ वर्षांपूर्वी त्यानेच मागून घेतली होती, गुडघे दुखतात म्हणून. म्हणजे तिचे हात गारठल्याची चिठ्ठी खाली पोचेपर्यंत खालचा एसी आणखी गार करून मोकळा झालेला असायचा. ती दरवेळी जुन्या हवेवर चिडत होती. तिचं काही चुकत नव्हतं.

"कुणीच पुढे जायचं नाही," तो मोठ्याने म्हणाला.

"काय?"

"दोघांचे आकडे जुळेपर्यंत तेच दहा सेकंद पुन्हा करायचे. पाच वेळा, सहा वेळा, लागतील तितके. जुळले की मगच पुढचे दहा."

"किती फेऱ्या होतील?"

त्याने कागदाच्या मागे हिशेब केला. "हजारच्या वर."

"बाबा, तुमचे गुडघे."

"बघू." मग त्याने नोटिशीचं उत्तर पुरं केलं. त्यात त्याने दोनच ओळी लिहिल्या. माझी गैरहजेरी आठ वर्षांची नसून चौदा महिन्यांची आहे. त्याआधी मी रोज हजर होते. खाली त्याने "करिता" असं लिहून स्वतःची सही केली.

मंगळवारी हजेरीवाल्याने उत्तर वाचलं आणि समाधानाने मान हलवली. "चौदा महिने होय! मग साठलेल्या रजेत बसेल. उगाच आठ वर्षं समजून घाबरलो." पण झडपेचं प्रकरण सुनावणीलाच राहिलं.

जोडारी मॅडमकडे गेला आणि हजार फेऱ्यांचं सांगितलं. मॅडम एकट्या माणसाकडे आणि त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. "तीन दिवसांत हजार फेऱ्या? मराल तुम्ही."

"एका माणसाने केल्या तर."

"म्हणजे?"

"पायरीआड एक माणूस उभा केला तर तेहतीस माणसं लागतील. चिठ्ठी हातोहात जाईल. कायदा विभागाचं म्हणणं आहे की माणूस यंत्र नाही. तेहतीस असली तरी नाही."

मॅडमनी कायदा विभागाला विचारलं. कायदा विभाग म्हणाला, असा प्रश्न आजवर आला नव्हता, पण यंत्र वाटत नाही. मग मॅडमनी फर्मान काढलं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता अख्खं ऑफिस जिन्यात उभं राहिलं. दारावरचा पहारेकरी पहिल्या पायरीवर. त्याच्यावर लेखनिक, मग चहावाला, कायदा विभागाचे दोघे, स्टोअरकीपर, हजेरीवाला, आणि असे करत करत पार तिसऱ्या मजल्याच्या दारात जोडारी. मॅडम स्वतः एकोणचाळिसाव्या पायरीवर उभ्या राहिल्या, कारण तिथला माणूस रजेवर होता.

पहिल्या दिवशी धुमाकूळ झाला. स्टोअरकीपर प्रत्येक चिठ्ठीची पोच मागायचा. पहारेकरी चिठ्ठी उजेडात धरून तपासायचा. चहावाल्याने एक चिठ्ठी बशीखाली ठेवली, तिच्यावर चहाचा डाग पडला, आणि आठ डिग्रीची हवा अठ्ठावीस डिग्रीची होऊन वर पोचली.

"खालच्यांना चहा जास्त झालाय का विचारा," केबिनवाली म्हणाली, आणि ते वाक्यही तेहतीस तोंडांतून खाली गेलं. खालून उत्तर आलं, की वरच्यांनी आधी बशी धुवावी.

गुरुवारी मात्र हात बसला. चिठ्ठी सोळा सेकंदांत खाली आणि वीस सेकंदांत वर यायला लागली. लोक तिच्यावरचे आकडे वाचायला लागले. कुणीतरी म्हणालं, "दोन नंबरचा हात एकोणतीसवर आला बघा." वरच्या पायरीवरचा म्हणाला, "आता झडप लावणार." खालून कुणीतरी, "नाही लावणार, गॅसवाल्याने आधीच कमी केलंय." आणि खरंच, तिसऱ्या वेळी आकडा तिथेच थांबला. चौथ्या वेळी जुळला. जिन्यातून एक बारीक आवाज उठला, टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते म्हणून.

शुक्रवारी चारला दहा मिनिटं असताना शेवटचे दहा सेकंद जुळले. तिसऱ्या मजल्यावर सुनावणी सुरू झाली. मॅडमनी फाइल उघडली. शालीच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, उभे राहणारे पुष्कळ असूनही.

"दुसऱ्या सीटने झडप किती वेळा हलवली?" मॅडमनी विचारलं.

"एकदा," केबिनवाली म्हणाली. "अकराव्या मिनिटाला अर्धी बंद केली. मग तशीच."

"शाल?"

"काढली होती. लागली नाही."

जोडारी भिंतीला टेकून उभा होता. आता सुटलो, असं त्याला वाटलं. पण मॅडम पुढच्या ओळीवर थांबल्या.

"आणि ड्रायव्हरपाशी? पंचवीस दशांश दोन डिग्री. नियम साडेचोवीसचा आहे. म्हणजे जुळलं, पण नापास." त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "हिला ऊब पाहिजे आणि त्याला गारवा. दोघांपैकी एकाला बदलावंच लागेल. मला वाईट वाटतं, पण ड्रायव्हरशिवाय गाडी चालत नाही."

तीन दिवस ज्यांनी तिचा हात गारठतो की नाही ते जिन्यात उभं राहून वाचलं होतं, ते सगळे दारातून आत बघत होते.

केबिनवालीने नियमांचं पुस्तक चाळलं. "मॅडम, इथे खाली लिहिलंय. ड्रायव्हरची तक्रार नसेल तर एक डिग्रीपर्यंत चालतं. फक्त त्याचं लेखी हवं."

"ड्रायव्हर कोण आहे?"

केबिनवालीने मापांची जुनी फाइल काढली. पहिलं पान वाचलं, दुसरं पान वाचलं. दुसऱ्या पानावर ती जरा जास्तच वेळ थांबली. मग तिने फाइल न दाखवता मिटली आणि जोडारीकडे पाहिलं.

"मीच," जोडारी म्हणाला.

मॅडमनी केबिनवालीकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. दुसऱ्या सीटवर कोण, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कोरा कागद त्याच्या पुढे सरकवला.

"उकडेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"उकडू दे."

"अर्धा तास सलग. चालेल?"

"चालेल," जोडारी म्हणाला. "तेव्हाही चाललं असतं."

त्याने लिहिलं, की ड्रायव्हरची काही तक्रार नाही. सही केली. हजेरीवाल्याने शिक्का मारला. मॅडमनी फाइलवर लिहिलं, सीट क्रमांक दोन कायम, आणि फाइल मिटली.

थोड्याच वेळात खालून एक चिठ्ठी हातोहात वर आली. सुनावणी संपताच दारातले सगळे घरी न जाता आपापल्या पायऱ्यांवर परत गेले होते. चिठ्ठीवर गॅसवाल्याने, सात आणि एक नीट वेगळे ओळखता येतील अशा अक्षरात लिहिलं होतं: जुळलं ना? मग आता बंद करू?

जोडारीने केबिनवालीच्या पडद्यावर पाहिलं. दुसऱ्या ओळीत झडप अर्धी उघडी होती आणि हात तीस डिग्री. त्याने चिठ्ठी उलटी केली, मागे लिहिलं, आणि वरच्या पायरीवरच्या माणसाच्या हातात दिली.

चिठ्ठी खाली निघाली. प्रत्येकाने ती वाचली आणि पुढच्याला दिली. स्टोअरकीपरने पोच मागितली नाही. पहारेकऱ्याने ती उजेडात धरली नाही. तिच्यावर एवढंच होतं: थोडा वेळ चालू राहू दे.